अंकल, तुमच्यात चालतं ना?

बेव्हर्ली पार्क हे नाव ज्याने ठेवलं त्याची श्रद्धा माझ्यापेक्षा दांडगी असणार. मिठागरं आणि भातखाचरांच्या मुलखात, घोटाभर चिखलात उभं राहून ज्याला अमेरिकन नटनट्यांचे बंगले दिसू लागतात, त्याच्यापुढे आमच्यासारख्या रविवारी मिस्सेला जाणाऱ्यांनी गप्प बसावं हेच बरं.

मीरा-भाईंदरची नगरपालिका झाली १९८५ मध्ये, महापालिका झाली २००२ मध्ये, आणि २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या आठ लाखांच्या वर गेली. एवढी माणसं काही पुण्य कमवायला आली नाहीत. बांद्र्यात परवडेना, मग बोरिवलीची आयसी कॉलनी बघितली, तिथेही परवडेना, मग दहिसरचा नाका ओलांडला. आम्ही ख्रिस्ती लोकही याच हिशोबाने आलो. वचनदत्त देश वगैरे नंतर, आधी चौरस फुटाचा भाव.

आता ‘आम्ही’ म्हणजे कोण, हे इथे एका वाक्यात सांगता येत नाही. काशीमिरा, उत्तन, डोंगरी इथले ईस्ट इंडियन हे मूळचे. ते पोर्तुगीज काळापासून इथेच आहेत. आजूबाजूला मुंबई वाढत गेली हा त्यांचा दोष नाही. (नाव मात्र त्यांनी १८८७ मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाला पन्नास वर्षं झाली तेव्हा घेतलं. साहेबाच्या कंपनीचं नाव घेऊन नोकरीत आपला हक्क सांगण्याची ती युक्ती होती, आणि अर्जात कोणता शब्द घातला की काम होतं हे त्यांना आपल्याआधी कळलं होतं.) त्यांच्यानंतर धोबीतलाव-माझगावचे गोवेकर आले, कुर्ला-मरोळचे मंगळूरकर आले, केरळचे आले, तमिळ आले. आणि मी. मी वसईचा, नंदाखालचा. सगळं जग चर्चगेटहून विरारकडे सरकत असताना मी उलटा, खाडी ओलांडून दक्षिणेला आलो. धर्मप्रांतसुद्धा बदलला. खाडीपलीकडे १९९८ पासून वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत आहे आणि तिथे देवाशी मराठीत बोलतात. अलीकडे मुंबईचा महाधर्मप्रांत; इथे देवाला आधी वेळापत्रक बघावं लागतं की आता कोणत्या भाषेची मिस्सा आहे.

गावाला ख्रिस्ती असण्यासाठी फारसं काही करावं लागत नसे. घंटा झाली की उठायचं, घंटा झाली की गुडघे टेकायचे, सण आला की नवे कपडे. सगळी आळी तेच करत होती, मग विचारणार कोण आणि सांगायचं कोणाला? बेव्हर्ली पार्कात आल्यावर कळलं की आपण आपल्या मजल्यावर अखिल ख्रिस्ती जगताचे प्रवक्ते आहोत. नेमणूक कोणी केली माहीत नाही, मानधन नाही, राजीनाम्याची सोय नाही. २०२५ च्या एप्रिलमध्ये पोप फ्रान्सिस वारले तेव्हा चौथ्या मजल्यावरचे शेठ पडेल चेहऱ्याने दारात उभे. “वय काय होतं?” म्हटलं, अठ्ठ्याऐंशी. “तसं वय झालं होतं,” म्हणाले. थोडा वेळ पायपुसण्याकडे बघून मग हळूच, “तुमच्याकडून कोण जाणार?”

मे महिन्यात नवा पोप निवडायची वेळ आली तेव्हा तर सोसायटीत माझा भाव वधारला. धूर काळा म्हणजे काय, पांढरा म्हणजे काय, हे मी जिन्यात उभं राहून समजावत होतो. १३३ कार्डिनल आत गेले आणि दुसऱ्याच दिवशी पोप निवडून बाहेर आले, याचं सेक्रेटरींना फार कौतुक. आमच्याकडे खजिनदाराची जागा रिकामी ती रिकामीच. मी म्हटलं, साहेब, तिथे निकाल लागेपर्यंत आत कोंडतात. ते म्हणाले, “आपल्याकडे कोंडायला आधी कोरम तर व्हायला पाहिजे.”

भाड्याचं घर शोधतानाच या प्रवक्तेपणाची चाहूल लागली होती. माझं मराठी ऐकून एजंट खूश. आडनाव ऐकून गप्प. “म्हणजे सर, तुम्ही नक्की कोण?” मराठी ख्रिस्ती, म्हटलं. त्याने फोन कानाला लावला, थोडा बाजूला गेला आणि मालकाला सांगितलं, “पार्टी बँकवाली आहे.” माझी याहून सोयीची ओळख नंतर कोणी करून दिलेली नाही.

शेजारच्या जोडप्याला बिल्डिंगमधली पोरं काका-काकू म्हणतात. त्याच पोरांचा मी अंकल आणि माझी बायको आंटी. वॉचमनसुद्धा मला ‘गुडमॉर्निंग अंकल’ म्हणतो आणि पुढच्याच क्षणी शेजाऱ्यांना ‘नमस्कार काका’. हिंदी सिनेमाने आमचं जे करून ठेवलंय ते निस्तरायला दोन-तीन पिढ्या जातील. आमच्या घरात गिटार असणार, बाटली असणार, आणि संध्याकाळी मी पट्ट्यापट्ट्यांचा शर्ट घालून नाचत असणार, अशी लोकांची प्रामाणिक समजूत आहे. थर्टीफर्स्टच्या वर्गणीची सभा असली की हमखास कोणीतरी डोळा मारतं, “अंकल, तुमच्यात तर चालतं ना?” मी ॲसिडिटीचा माणूस. कोकमसरबतावर जगतो. पण दोन हजार वर्षांच्या परंपरेला एकट्याच्या पित्तापायी खाली कसं बघायला लावायचं, म्हणून नुसता हसतो.

आणि भाषा. “तुम्ही मराठी किती छान बोलता!” ही दाद मी इतक्यांदा घेतली आहे की आता ‘कसचं कसचं’ आपोआप निघतं. एकदा मात्र शेजारच्या काकूंना सगळा पाढा म्हणून दाखवला. फादर स्टीफन्स नावाचा इंग्रज १५७९ मध्ये गोव्यात उतरला, मराठी शिकला आणि जवळपास अकरा हजार ओव्यांचं ‘क्रिस्तपुराण’ लिहून मोकळा झाला. ते १६१६ मध्ये छापलं गेलं. रेव्हरंड टिळक झाले, लक्ष्मीबाईंचं ‘स्मृतिचित्रे’ झालं. २०२० च्या जानेवारीत उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते आमच्या वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो. काकूंनी सगळं मन लावून ऐकलं. “हो का? कमाल आहे!” म्हणाल्या. “पण घरी तुम्ही कोंकणीच बोलत असाल ना?”

घरी आम्ही कादोडी ही वसईकडची बोली बोलतो, आणि ती ऐकली की काकूंनाही दुभाषा लागतो. २०२५ च्या जुलैमध्ये भाषेवरून मीरा रोडला आधी व्यापाऱ्यांचा मोर्चा निघाला आणि मग मराठी माणसांचा. त्या आठवड्यात माझी गंमत झाली. दुकानदार मला अंकल समजून इंग्रजी बोलायचा प्रयत्न करी, मी मराठीत उत्तर दिलं की त्याला वाटे हा मुद्दाम परीक्षा घेतोय, आणि बाजूला उभा असलेला मराठी माणूस माझ्या गळ्यातला क्रूस बघून म्हणे, “वा, बघा, हे लोकसुद्धा बोलतात!” आई गावाहून आली आणि लाल लुगडं नेसून गॅलरीत बसली की सगळ्यांच्या हिशोबाची पार फाटाफूट होते. समोरच्या बेननी बायकोला बाजूला घेऊन विचारलं होतं, “सासूबाई अजून हिंदू आहेत का?”

या समोरच्या बेननी माझ्या धार्मिक आयुष्याची जेवढी वाताहत केली तेवढी कुठल्याच नास्तिकाने केली नसेल. नाताळ आणि ईस्टर लोकांना दिसतात. माणूस कसोटीला लागतो तो त्यांच्या मधल्या उपवासकाळात. सुरुवात राखेच्या बुधवारी. सकाळच्या मिस्सेत फादर कपाळावर राखेचा क्रूस काढतात, माणूस माती आहे आणि मातीला मिळणार आहे, याची आठवण म्हणून. ती आठवण घेऊन मी लिफ्टमध्ये शिरलो की एक जण सांगतो, कपाळाला काहीतरी लागलंय; दुसरा विचारतो, उज्जैनला कधी गेला होता; आणि एका मायाळू माणसाने तर स्वतःच्या रुमालाने ती पुसूनच टाकली. मी थँक्यू म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

मग चाळीस दिवस. आता आमच्या कॅथलिक उपवासाचा नियम जरा कान इकडे करून ऐका. सक्तीचे उपवास वर्षात दोनच, राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे, तेही १८ ते ५९ वयाच्या माणसांना. त्या दिवशी एक वेळ पोटभर जेवायचं आणि दोन वेळा थोडं थोडं खायचं. मात्र त्या दोन थोड्यांची बेरीज एका पोटभरीएवढी होता कामा नये. एवढा सूक्ष्म हिशोब बँकेतसुद्धा आमच्याकडून कोणी करून घेतला नाही. शिवाय उपवासकाळाच्या शुक्रवारी मांस वर्ज्य. मासे मांसात धरत नाहीत. हा नियम रोममध्ये झाला म्हणतात; मला मात्र दाट संशय आहे की ठरवणाऱ्यांत कोणीतरी उत्तनचा कोळी बसलेला होता. कोंबडी सोडल्याच्या दुःखात आमच्याकडे शुक्रवारी सरंगा येतो.

बाकी दिवसांसाठी ज्याने त्याने आपल्याला आवडणारं काहीतरी सोडायचं. मी एके वर्षी चहातली साखर सोडली आणि चाळीस दिवस असा चेहरा करून वावरलो की जणू वाळवंटात निघालोय. बेन शांतपणे चौकशी करायच्या. मग जैनांचं पर्युषण आलं आणि कळलं की बेननी अठ्ठाई धरली आहे. आठ दिवस फक्त उकळून गार केलेलं पाणी, तेही सूर्य मावळायच्या आत. आठव्या दिवशी आम्ही, त्यांच्या रीतीप्रमाणे, शाता, म्हणजे खुशाली, विचारायला गेलो. बेन सोफ्यावर बसून नातवाचा गृहपाठ घेत होत्या. आवाज खणखणीत. मला बघून म्हणाल्या, “भाई, चहा घेणार ना? साखर घालू की अजून बंद आहे?”

आणि पर्युषणाच्या शेवटी ‘मिच्छामि दुक्कडम्’. वर्षभरात कळत-नकळत दुखावलं असेल तर क्षमा करा, असं ज्याला त्याला थेट सांगायचं. आम्ही पापं कबूल करतो ती फादरांपुढे, जाळीच्या पलीकडे, कुजबुजत, शक्यतो आपल्याला न ओळखणाऱ्या फादरांपुढे. ज्याच्याशी भांडलो त्याला पत्ताही लागत नाही की त्याच्या नावाने आपल्याला तीन ‘नमो मरिया’ म्हणाव्या लागल्या. यांचं मात्र रोखीचं. आमच्या वरच्या फ्लॅटचं बाथरूम माझ्या स्वयंपाकघरात गळतं, त्यावरून पावसाळाभर पत्रापत्री चालली होती. संवत्सरीच्या सकाळी सातला त्यांचा मेसेज आला, हात जोडलेला, कमळाच्या चित्रासकट. मी तत्काळ क्षमा केली. ख्रिस्ती माणूस दुसरं काय करू शकतो? गळती चालू आहे.

शेजाऱ्यांवर प्रेम करणं मात्र त्या मानाने सोपं असतं. खरा पेच स्वधर्मीयांचा, आणि तो विरार लोकलमध्ये पडतो. मीरा रोडला उतरणाऱ्याने विरार गाडीत चढू नये हा पश्चिम रेल्वेचा अलिखित कायदा आहे. चढलाच तर दहिसर आल्यावर दरवाज्याकडे सरकताना जे ऐकावं लागतं ते छापण्यासारखं नाही. त्या दिवशी माझ्या बरगडीत ज्याने कोपर रोवला होता, त्याच्या बोटात जपमाळेची अंगठी होती. मी आमच्या बोलीत म्हटलं, बाबा, मीही तिकडचाच. त्याने माझ्याकडे नीट पाहिलं, ओळखीचं हसला, गाव विचारलं, सण कधी असतो विचारलं, आणि कोपर होता तिथेच ठेवला. मीरा रोड गेलं. भाईंदरला उतरलो आणि उलटी गाडी पकडली.

ऑक्टोबर हा जपमाळेचा महिना. तेराव्या लिओ पोपने १८८३ मध्ये तो तसा ठरवून दिला तेव्हा त्यांना मीरा रोडच्या नवरात्रीची कल्पना असणं शक्य नव्हतं. आमच्याकडे पॅरिशचे छोटे छोटे गट असतात, त्यांना नुसतं ‘कम्युनिटी’ म्हणतात. महिनाभर मरियामातेची मूर्ती रोज एका घरातून दुसऱ्या घरी जाते. आमच्या घरी यायची पाळी नेमकी नवरात्रीत आली.

गेटवर वॉचमनने वही पुढे केली. कोणाकडे? काम काय? किती जण? आमच्या गटाचं बघणाऱ्या ॲनिमेटर बाई अचूकतेच्या भोक्त्या. म्हणाल्या, पंधरा माणसं आणि एक मूर्ती. त्याने सोळा लिहिलं. लिफ्ट सहा माणसांची, ४०८ किलोची. मूर्ती आत गेली आणि तिच्यामागून आठ जण शिरले. लिफ्टने घंटा वाजवली. नम्रता हा ख्रिस्ती माणसाचा दागिना, त्यामुळे प्रत्येकाने आपण बाहेर पडतो असं म्हटलं आणि कोणीही पडलं नाही. शेवटी ज्या पोराने मूर्ती धरली होती त्यालाच खाली उतरवला आणि तो आठ महिने जिम केल्यासारखा मूर्ती घेऊन जिने चढला.

प्रार्थना सुरू झाली आणि खाली कंपाउंडमध्ये गरबाही. दहाला लाउडस्पीकर बंद करायचे, त्यामुळे दोघांचीही वेळ साडेआठची. आमची जपमाळ पाच दशकांची, त्यातही भाषांची वाटणी: पहिलं दशक इंग्रजी, दुसरं कोंकणी, तिसरं मराठी, चौथं मल्याळम, पाचवं ज्याला जमेल तसं. इंग्रजी दशक ढोलाखाली चिरडलं गेलं. कोंकणी दशक साळगावच्या एका आजींकडे होतं. त्यांनी आवाज चढवला. खालच्या गायकाने वरची पट्टी घेतली. आजींनी त्याच्याही वरची घेतली. मराठी दशक माझ्याकडे आलं तोवर सगळ्यांचे पाय जमिनीवर ताल धरत होते, आणि ‘नमो मरिया’ दोन टाळ्या नि एक गिरकीच्या चालीवर इतकी फक्कड बसली होती की मल्याळमवाल्यांनी तीच चाल पुढे चालवली. माझ्या आयुष्यात एवढ्या उत्साहात जपमाळ झालेली नाही. नंतर रीतीप्रमाणे उकडलेले चणे वाटले. खालून फाफडा आला, वरून चणे गेले.

दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये सेक्रेटरी म्हणाले, “खाली पण देवी, वर पण देवी. पुढच्या वर्षी टायमिंग जरा मागेपुढे करू.” मी त्यांना सांगू लागलो की मरियेची आम्ही पूजा करत नाही, तिला मान देतो, ती आमच्यासाठी विनंती करते, आणि हा फरक फार महत्त्वाचा... तळमजला आला. शिवाय शेजारच्या काकू दर बुधवारी माहीमच्या नोव्हेनाला जातात. तो १९४८ पासून चालू आहे आणि काकूंचे नऊ बुधवार कधी चुकलेले नाहीत. बांद्र्याच्या माउंट मेरीच्या जत्रेत फ्लॅटसाठी मेणाचं घर कोणत्या दुकानात स्वस्त मिळतं हे त्यांनीच मला सांगितलं. अशा भक्ताला मी फरक काय समजावणार?

नाताळाला तर आमच्या घराचा सरकारी कचेरीसारखा वापर होतो. दिवाळीचा आकाशकंदील उतरवून त्याच वायरीवर, त्याच होल्डरमध्ये मी चांदणी टांगतो. दर वर्षी कोणीतरी सांगतंच की अंकल, कंदील राहिलाय. मध्यरात्रीची मिस्सा आता मध्यरात्री राहिलेली नाही. २००० सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम आले तेव्हापासून ती संध्याकाळकडे सरकत गेली. आम्हाला वाईट वाटायचं. पण २००९ मध्ये खुद्द पोपनी व्हॅटिकनमधली मिस्सा रात्री दहावर आणली. आता घरी येऊन जेवून झोपतो, आणि येशूचा जन्म आमच्या घोरण्यात होतो.

सोसायटीचा सांताक्लॉज मात्र मीच व्हावं असा आग्रह. चर्चमध्ये मी आयुष्यात सांता झालो नाही, इथे तीन वर्षं झालो. चौथ्या वर्षी शेठ म्हणाले, मी होतो. पोट त्यांचं अस्सल आहे. पोरांना फरक कळला नाही, उलट गोळ्या जास्त मिळाल्या.

फराळाचं काम बायकोकडे: कुलकुल, नेवऱ्या, दोदोल, पेराड, केक. बेनसाठी अंड्याशिवाय वेगळा घाणा, वेगळी कढई, वेगळा झारा. डबे सगळ्या मजल्यांवर जातात. गुड फ्रायडेला ‘हॅपी गुड फ्रायडे’ असा फुलांचा मेसेज पाठवणाऱ्यांकडेही जातात. (एवढं एक मनावर घ्या. त्या दिवशी येशूला क्रूसावर दिलं. हॅपी काही नाही. दोन दिवस थांबा, ईस्टरला हवं तेवढं हॅपी म्हणा.)

आणि आता मुद्द्याचं. गेल्या नाताळात दिलेल्या डब्यांपैकी सात अजून परत आलेले नाहीत. रिकामा डबा परत करू नये ही आपली रीत मला मान्य आहे, त्यामुळे लोक काहीतरी चांगलं बनवायची वाट बघत असणार हेही समजतं. पण आमच्याकडे नोव्हेंबरअखेर तळण सुरू होतं. निळ्या झाकणाचे चार, स्टीलचे दोन, आणि एक आईचा पितळी, ज्यावर तिचं नाव कोरलेलं आहे. ज्यांच्याकडे असतील त्यांनी रिकामे आणून दिले तरी चालतील. वॉचमनकडे ठेवले तरी पोचतात.